चाकावरचा पहिला धडा

(मातीला हाताने आणि चाकावर आकार देण्याचे काम शिकायला सुरुवात कशी करतात, त्यात कोणत्या अडचणी येतात आणि त्यांची कारणे काय, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलामुलींनो, तुमच्या घरात मातीच्या वस्तू किती आहेत? चटकन उत्तर सुचणार नाही. जरा शोधा. पाण्याचा माठ असेल. खिडकीत तुळशीची किंवा गुलाबाची कुंडी असेल. लोणच्याची बरणी असेल. चहाचे कप आणि बशा मातीच्याच. न्हाणीघरातल्या फरशा, जुन्या घराच्या छपरावरची कौले हीही मातीचीच. विजेच्या खांबावर तारा ज्या तपकिरी किंवा पांढऱ्या वाट्यांवर बसवलेल्या असतात, त्या वाट्यासुद्धा पुष्कळदा मातीच्या असतात. एकदा मोजायला लागलात की हाताची बोटे पुरणार नाहीत.

आता दुसरा प्रश्न. यांपैकी एखादी वस्तू तुम्हांला स्वतःच्या हाताने करता येईल का?

तुमच्यापैकी काही जण पनवेल भागात राहत असतील. खारघर आणि तळोजे यांच्या शेजारी ओवे नावाचे गाव आहे. एका बाजूला डोंगर आहेत. त्याच डोंगरांतून खारघरजवळ पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा कोसळतो. दुसऱ्या बाजूला सखल जमीन आणि पुढे खाडी. १९७० मध्ये सिडको ही संस्था स्थापन झाली आणि त्यानंतर या भागात नवी मुंबई हे शहर वाढत गेले. जिथे भाताची खाचरे होती, तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींत राहणाऱ्या मुलांच्या पायांना चिखल लागत नाही. कदाचित म्हणूनच असेल, शहरांतून आता मातीकामाचे वर्ग भरू लागले आहेत आणि तिथे मोठी माणसेही लहान मुलांसारखी रमतात.

समजा, असा एक वर्ग ओवे गावात तुमच्या घराजवळ सुरू झाला आणि तुम्ही त्यात नाव घातले. पहिल्या दिवशी काय होईल?

तुम्हांला वाटेल, गेल्याबरोबर चाकावर बसायला मिळेल. तसे होत नाही. पहिला दिवस माती मळण्यात जातो. घरी पोळीसाठी कणीक मळतात, तशीच माती मळायची. पण कणकेपेक्षा कितीतरी जोराने. दोन्ही तळहातांनी ती पुढे दाबायची, परत गुंडाळायची, पुन्हा दाबायची. पन्नास वेळा, शंभर वेळा. हात भरून येतात. कपाळावर घाम येतो. पण याला पर्याय नाही. मातीच्या गोळ्यात एका जागी ओल जास्त आणि दुसऱ्या जागी कमी असेल, तर चाकावर तो गोळा हिसके देतो. गोळा सगळीकडून सारखा झाला की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. ताणलेल्या तारेने गोळा मधोमध कापायचा. कापलेली बाजू खव्यासारखी गुळगुळीत दिसली तर ठीक. तिथे भोके किंवा दोन रंगांचे पट्टे दिसले, तर मळणे बाकी आहे.

मातीही कोणतीही चालत नाही. महाराष्ट्राच्या पठारावरची काळी माती कापसाला उत्तम. पण ती एकटी घेतली तर भांड्याला चांगली नाही. ती पाण्याने फार फुगते आणि वाळताना फार आकसते, म्हणून तिच्या भांड्यांना भेगा पडतात. उन्हाळ्यात काळ्या शेतात पडलेल्या भेगा तुम्ही पाहिल्या असतील; तेच भांड्यातही घडते. खाडीकाठची माती मऊ असते. पण तिच्यात मीठ असते आणि भाजल्यावर ते पांढऱ्या डागांच्या रूपाने वर येते. चुनखडीचे बारीक खडे तर फारच दगाबाज. भांडे भाजून तयार होते, सुंदर दिसते आणि काही दिवसांनी त्याचा एखादा टवका आपोआप उडतो! भाजल्यामुळे त्या खड्याचा चुना झालेला असतो. तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि भांड्याला आतून फोडतो. म्हणून कुंभार माती पाण्यात भिजवतो, गाळून घेतो, चिखल पायांनी तुडवतो. पाण्याचा माठ करायचा असेल तर त्या मातीत लीद किंवा राख मिसळतो. भाजताना लीद जळून जाते आणि तिच्या जागी अगदी सूक्ष्म छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार का असते, याचे उत्तर इतके साधे आहे.

इथे थोडे शब्दांकडे वळू या. मराठी ही तुमची दुसरी भाषा. पण कुंभाराच्या अंगणात गेलात तर तुम्हांला परके वाटणार नाही. मराठीत कुंभार, उर्दूत कुम्हार. मराठीत चाक, उर्दूतही चाक. मराठीत भट्टी, उर्दूतही भट्टी. उर्दूतली सुराही मराठीत सुरई झाली. उर्दू शायरीत ज्याला कूझा म्हणतात, तो जुन्या मराठीत कुजा म्हणून आला. उर्दूत लोणच्याच्या बरणीला मर्तबान म्हणतात. मर्तबान हे ब्रह्मदेशातल्या एका बंदराचे नाव आहे. त्या बंदरातून झिलई दिलेल्या मोठ्या बरण्या जहाजांत भरून दूरदूर जात, म्हणून बंदराचे नाव बरणीला मिळाले. कुंभार ज्या भट्टीत किंवा ढिगात भांडी भाजतो, तिला मराठीत आवा म्हणतात. तुम्ही घरी आजी-आजोबांच्या तोंडून ‘आवे का आवा ही बिगड़ा हुआ है’ ही कहावत ऐकली असेल. तोच हा आवा. (‘आ’वर एक मात्रा दिली की ‘ओ’ होतो, तरी ओवे गावाचे नाव आव्यावरून पडले असे मात्र समजू नका!) ही कहावत कशावरून आली असेल, ते आपण थोड्या वेळाने पाहू.

आता चाकाकडे जाऊ. जुने चाक जमिनीलगत असते. ते जड असते. कुंभार काठीने त्याला गती देतो आणि ते आपल्या वजनामुळे बराच वेळ फिरत राहते. तेवढ्या वेळात भांडे झाले पाहिजे. वर्गात बहुधा विजेचे चाक असते. पायाखालची कळ दाबून त्याची गती कमीजास्त करता येते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानेही २०१८ पासून गावोगावच्या कुंभारांना विजेची चाके देण्याची योजना चालवली. काठीने चाक फिरवून खांदे दुखवून घेणाऱ्याला या चाकाचे मोल विचारा.

तुम्ही चाकासमोर बसलात. मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर जोराने आपटून चिकटवलात. चाक फिरू लागले. आणि गोळा डोलू लागला! मध्यावर ठेवलेला गोळा खरे म्हणजे मध्यावर नसतोच. तो एका बाजूला थोडा जास्त असतो, आणि चाक फिरताच तो तुमच्या हातांना ढकलू लागतो. आता नवशिक्या काय करतो? तो घाबरून हात मागे घेतो, किंवा गोळ्याबरोबर आपलेही हात डोलवतो. म्हणजे माती माणसाला फिरवू लागते.

उपाय असा. चाकाच्या अगदी जवळ बसा. दोन्ही कोपरे मांड्यांवर घट्ट टेकवा. हात ओले करा. डाव्या तळहाताने गोळ्याला बाजूने दाबा आणि उजव्या हाताने वरून. दाबताना नुसत्या मनगटाचा जोर लावू नका; अंगाचा भार द्या. हात दगडासारखे स्थिर ठेवा. हात हलले नाहीत, तर मातीलाच जागेवर यावे लागते. थोड्या वेळाने एक क्षण असा येतो की चाक वेगाने फिरत असते आणि गोळा मात्र थांबल्यासारखा दिसतो. डोळे मिटले तरी तळहातांना कळते की आता धक्का लागत नाही. याला माती मध्यावर आणणे म्हणतात. हे एका दिवसात जमत नाही. पुष्कळांना कित्येक आठवडे लागतात. तोपर्यंत वाटी नाही, पेला नाही, काही नाही. वर्ग सोडून जाणारे बहुधा याच टप्प्यावर सोडतात.

माती मध्यावर आली की पुढचे काम त्या मानाने गोड असते. दोन्ही अंगठ्यांनी गोळ्याच्या मध्ये खळगा करायचा. तळ एक बोटभर जाड राखायचा. सुईने टोचून पाहिले की तळाची जाडी कळते. मग तळ बोटांनी चांगला दाबून घ्यायचा. नाहीतर वाळताना तिथे वळणदार भेग पडते. नंतर चाकाची गती कमी करायची. एका हाताची बोटे आत, दुसऱ्या हाताची बाहेर. दोन्हींच्या मध्ये माती हलकेच चिमटायची आणि खालून वर न्यायची. भिंत उंच होते, पातळ होते. हे पहिल्यांदा घडते तेव्हा तोंडातून ‘अरे वा!’ असे निघतेच, आणि नेमके त्याच वेळी लक्ष जाऊन भिंत कोसळते.

कोसळण्याची कारणे तीन-चारच आहेत. पाणी फार वापरले तर माती भिजून तिचा दम जातो. तळाजवळची भिंत पातळ आणि वरची जाड राहिली, तर खालचा भाग वरचे ओझे पेलत नाही. हात झटकन सोडला तर भांड्याला हिसका बसतो. भांडे कोसळले की रडायचे कारण नाही. कुठे चुकले ते पाहायचे. उलट चांगले शिक्षक एक गोष्ट करायला लावतात, ती ऐकून तुम्हांला वाईट वाटेल. न कोसळलेली, चांगली दिसणारी वाटीसुद्धा ते तारेने उभी कापायला सांगतात! कापल्यावर भिंतीची जाडी वरपासून खालपर्यंत स्पष्ट दिसते. वरून सुबक दिसणाऱ्या वाटीचा तळ विटेसारखा जाड निघतो. माझ्या मते, पहिल्या महिन्यात एकही वाटी न ठेवता साऱ्या कापून पाहाव्यात. त्यातून जे कळते, ते दुसऱ्याने सांगून कळत नाही.

मोठा माठ मात्र नुसत्या चाकावर होत नाही. चाकावर जाड भिंतीचे लहान भांडे करतात. ते थोडे सुकले की आतून दगडी गोटा धरतात आणि बाहेरून थापटणे नावाच्या लाकडी फळीने ठोकत ठोकत त्याला फुगवतात. या थापटण्याची एक गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावी संत गोरोबा कुंभार होऊन गेले. एकदा त्यांच्याकडे अनेक संत जमले होते. यांत पक्के मडके कोणते आणि कच्चे कोणते, असे मुक्ताबाईंनी विचारले. गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेका संताच्या डोक्यावर ठोकून पाहिले. सगळे शांत बसले. संत नामदेव मात्र रागावले. तेव्हा गोरोबा म्हणाले, हे मडके कच्चे आहे. मराठीत अननुभवी माणसाला ‘कच्चे मडके’ म्हणतात, ते याच अर्थाने. आख्यायिका बाजूला ठेवली तरी परीक्षा खरी आहे. बाजारात माठ घेताना तुमच्या अम्मीसुद्धा त्याला बोटाने टिचकी मारून पाहत असतील. चांगल्या भाजलेल्या माठाचा आवाज खणखणीत येतो. तडा गेलेला माठ भद्द वाजतो.

हा खणखणीत आवाज महाराष्ट्रात फार जुना आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी या विद्वानांनी तिथे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिथे कुंभाराची भट्टी सापडली. चाकावर केलेली, लाल रंगाची आणि काळ्या रेघांनी सजवलेली भांडी सापडली. या भांड्यांना जोर्वे भांडी म्हणतात, कारण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावी ती आधी मिळाली. त्यांतली काही भांडी तोटीची आहेत. तुमच्या घरातल्या जुन्या बधन्याची आठवण करून देणारी. ती वाजवली तर धातूसारखा आवाज येतो, इतकी ती चांगली भाजलेली आहेत. वीज नाही, तापमापक नाही. तरीही त्या कुंभाराला आपल्या आगीची नस ठाऊक होती.

चाकावरचे भांडे तारेने कापून फळीवर ठेवले की वाळण्याची वाट पाहायची. घाई करायची नाही. कोकणात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की भांडे आठवडाभर ओलेच राहते. आणि उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवले तर एक बाजू आधी वाळून भेग पडते. म्हणून त्यावर सैलसर प्लास्टिक टाकतात. भांडे चामड्याइतके घट्ट झाले की ते पुन्हा चाकावर पालथे ठेवून तळाची जादा माती खरवडून काढतात. कपाला कान लावायचा तोही याच वेळी. पूर्ण वाळलेल्या कपाला ओला कान लावाल, तर तो वाळताना आकसेल आणि गळून पडेल. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण ८ ते १२ टक्के आकसते. १० टक्के धरले, तर १२ सेंटिमीटर उंच केलेला पेला शेवटी सुमारे १०.८ सेंटिमीटर भरतो. हा हिशेब न केल्यामुळे झाकणे भांड्यावर बसत नाहीत!

वर्गात चाकाबरोबर शिल्पही शिकवतात. चाकावर गोल वस्तूच होते. घोडा, चेहरा, मासा, घर करायचे तर हातच हवेत. मातीच्या लांब वळ्या करून त्या एकीवर एक रचतात, किंवा माती पोळीसारखी लाटून तिचे तुकडे जोडतात. जोडताना दोन्ही कडा काट्याने खरवडायच्या आणि त्यांना पातळ चिखलाचा लेप द्यायचा. नुसते दाबून चिकटवलेले कान किंवा पाय वाळताच सुटतात. शिल्पाच्या मातीत भाजलेल्या मातीचा भुगा मिसळतात. त्यामुळे ती कमी आकसते.

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने निघालात की पेण लागते. पेणचे मूर्तिकार गणेशमूर्तींसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. तिथे शाडूच्या मातीच्या मूर्ती करतात, वाळवतात आणि रंगवतात. पण भाजत नाहीत. म्हणून ती मूर्ती पाण्यात विरघळते आणि तिने विरघळावे हाच हेतू असतो. वर्गातल्या शिल्पाची गोष्ट निराळी. ते भाजायचे असते. म्हणून ते आतून पोकळ हवे, त्याची भिंत शक्यतो एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जाड नको आणि पोकळीतून वाफ बाहेर जायला कुठेतरी एक छिद्र हवे. भरीव घोडा करून घाईने भट्टीत ठेवलात, तर त्याचे तुकडे वेचावे लागतील. आणि तुमच्याच नव्हे, शेजारी ठेवलेल्या दुसऱ्याच्या वाटीचेही! मातीत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून वस्तू फुटते, असे पुष्कळ जण सांगतात. खरा गुन्हेगार बहुधा पाणी असते. जाड मातीच्या पोटात ओल उरते. भट्टी तापून १०० अंशांपुढे गेली की त्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ती वस्तू फोडून वाट करते.

आता ती कहावत पाहू. आवा बिघडला म्हणजे एक भांडे बिघडत नाही. त्यात रचलेली सगळी बिघडतात. कुंभाराच्या घरी कित्येक दिवस माती मळली जाते, भांडी घडतात, वाळतात. मग ती सगळी एकाच वेळी आव्यात रचतात. आग फार लवकर भडकली, मध्येच पाऊस आला किंवा इंधन कमी पडले, तर त्या सर्व दिवसांची मजुरी एका रात्रीत जाते. मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात गेलात तर हे डोळ्यांनी दिसेल. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वसाहत. घरांच्या मधोमध भट्ट्या आहेत. घराचा ओटा हाच कारखाना. दिवाळीच्या आधी तिथे पणत्यांचे ढीग लागतात. धारावीचा पुनर्विकास व्हायचा आहे. उंच इमारतीत खोली मिळेल. पण चाकाला, वाळवणाला आणि भट्टीला जागा कुठली, हा तिथल्या कुटुंबांपुढचा खरा प्रश्न आहे.

भट्टीत मातीचे नेमके काय होते? साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी निघून जाते. ५७३ अंशांना मातीतल्या गारेचे कण एकदम फुगतात, आणि थंड होताना त्याच ठिकाणी पुन्हा आकसतात. म्हणून भट्टी हळू तापवायची आणि हळूच थंड होऊ द्यायची. उत्सुकतेपोटी दार लवकर उघडले की गार हवा लागून भांड्यांना तडे जातात. पहिली भाजणी बहुधा ९०० ते १००० अंशांपर्यंत असते. त्यानंतर झिलई देऊन दुसऱ्यांदा भाजतात. चिनी मातीच्या दणकट भांड्यांसाठी १२०० अंशांच्याही वर जावे लागते.

झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेली काच. तिचे रंग मोहून टाकतात. दिल्लीचे गुरचरण सिंग हे आपल्या देशातल्या आधुनिक मातीकलेचे एक आद्य कलावंत. ते १९१९ मध्ये ही विद्या शिकायला जपानला गेले. पण निळ्या झिलईची गोडी त्यांना दिल्लीतल्या अब्दुल्ला नावाच्या पठाण कुंभाराने लावली. अब्दुल्लांच्या घराण्यात निळ्या फरशा करण्याची कला चालत आली होती. मुंबईतही, १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेत, जॉर्ज टेरी यांनी एकोणिसाव्या शतकातच सिंधी झिलई आणि अजिंठ्याची चित्रे यांचा मेळ घालून भांडी करवून घेतली.

झिलईबाबत एक सावधगिरी हवी. काही स्वस्त, चकचकीत झिलयांत शिसे असते. चिंच, लिंबू, लोणचे यांच्या आंबटपणाने ते अन्नात उतरते आणि शिसे हे विष आहे. लहान मुलांच्या मेंदूला ते फार अपाय करते. म्हणून शोभेचे भांडे शोभेलाच ठेवावे. दुसरी गोष्ट धुळीची. सुक्या मातीच्या बारीक धुळीत गारेचे कण असतात. ते वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत गेले तर फुप्फुसे निकामी होतात. म्हणून मातीकामाच्या खोलीत कोरडा झाडू मारत नाहीत. ओल्या फडक्याने पुसतात. वर्ग निवडताना शिक्षकांच्या हातचे नक्षीकाम नंतर पाहा. आधी जमीन कशी पुसतात ते पाहा.

ज्यांना हे काम पुढे धंदा म्हणून शिकायचे आहे, त्यांच्यासाठी ठिकाणे आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत मातीकलेचे शिक्षण मिळते. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे ग्रामोदय संघाने कुंभारकामाचे मोठे काम केले आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था आहे आणि तिथे मराठी बोलणारी माणसे पुष्कळ भेटतात.

तुमचा वर्ग मात्र अजून ओवे गावात, पहिल्या भाजणीपर्यंत आला आहे. दोन महिने झाले. फळीवर तुमच्या नावाच्या बारा वाट्या वाळत आहेत. शिक्षक येतात आणि विचारतात, “यांतल्या भट्टीत कोणत्या ठेवू?”

तुम्ही म्हणाल, “सर, सगळ्या!”

पण भट्टीत जागा थोडी असते, इंधनाला पैसे पडतात. आणि याहून मोठे कारण आहे. न भाजलेली माती कितीही वाळली तरी पाण्यात टाकताच पुन्हा माती होते. भाजलेली वाटी कधीच माती होत नाही. तिच्या भिंतीचा जाडपणा, वाकडे तोंड, अंगठ्याची राहून गेलेली खूण हे सारे तसेच टिकते. इनामगावची खापरे तीन हजार वर्षे टिकली. तुमची वाकडी वाटीही टिकेल. तेव्हा फळीसमोर उभे राहून एकेक वाटी हातात घ्या. आत बघा, पालथी करून बघा, वजन बघा. पहिली वाटी, जिच्यावर तुमचा सर्वांत जास्त जीव आहे, ती बहुधा सर्वांत जाड असेल. ती ठेवायची की नाही, हे शिक्षक सांगणार नाहीत.

तीन वाट्या भट्टीकडे जातील. उरलेल्या नऊ पाण्याच्या बादलीत सोडायच्या. सोडताच बुडबुडे येतात, बारीक चुरचुर आवाज होतो, कडा ढासळू लागतात. दुसऱ्या दिवशी बादलीत वाट्या दिसणार नाहीत. खाली मऊ चिखल असेल. तो फडक्यावर पसरा, पाणी निथळू द्या आणि मळायला घ्या.

शब्दार्थ
खाचर – भाताचे बांध घातलेले शेत. थापटणे – मडके ठोकण्याची लाकडी फळी. झिलई – भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर. आख्यायिका – लोकांत सांगितली जाणारी जुनी गोष्ट. तोटी – पाणी ओतण्याची नळी. गार – एक कठीण पांढरट दगड. निथळणे – पाणी हळूहळू गळून जाणे.

स्वाध्याय
१. काळी माती, खाडीकाठची माती आणि चुनखडी असलेली माती भांड्यांना का चालत नाही?
२. नवशिक्याचे भांडे चाकावर का कोसळते?
३. ‘कच्चे मडके’ आणि ‘पालथ्या घड्यावर पाणी’ यांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा. याच अर्थाच्या उर्दू कहावती घरी विचारून या.
४. बारा वाट्यांपैकी तीनच निवडायच्या असत्या, तर तुम्ही पहिली वाटी ठेवली असती का? कारणासह पाच ओळी लिहा.